नो सिग्नल, तालुका वडवणी

मुलगा इंजिनिअरिंगला लागला की मराठवाड्यातल्या बापाला दोन खर्च नव्यानं कळतात. एक हॉस्टेलचा आणि दुसरा ग्राफिक्स कार्डाचा. हॉस्टेलची पावती मिळते, ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत नुसता विश्वास ठेवावा लागतो. ‘४ जीबीचं ग्राफिक्स कोर्सला लागतंच’ असं मुलगा सांगतो, मुलाचा मित्र सांगतो आणि दुकानदार तर मुलाचं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगतो. ते कोर्सला लागत नाही, रात्री अकरानंतर लागतं, हे प्रत्येक हॉस्टेलच्या वॉर्डनला ठाऊक असतं. पण लॅपटॉप घ्यायला जाताना वॉर्डनला कुणी सोबत नेत नाही.

तसा एक लॅपटॉप आमच्या घरातून पुण्याला गेला आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुतण्यासकट वडवणीला परत आला. लॉकडाउन उठलं, पुतण्या उठला नाही. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, पगार पुण्याच्या दरानं आणि जेवण आईच्या हातचं, हा हिशेब एकदा बसल्यावर मोडतो कोण? मधल्या काळात त्यानं लॅपटॉपवरचं विंडोज पुसून लिनक्स टाकलं. का टाकलं, हे लिनक्सवाल्याला विचारायचं असेल तर संध्याकाळ मोकळी ठेवून विचारावं. मला समजलं ते एवढंच, की एक तर ते फुकट आहे आणि दुसरं म्हणजे त्यात काही बिघडलं तर आपलं आपल्याला दुरुस्त करता येतं. हे दुसरं कारण जरा उलटून पाहिलं की त्याच्या पाठीवर ‘दुसरं कुणी करून देत नाही’ असं लिहिलेलं असतं.

तर या पुतण्याला दुसरा मॉनिटर हवासा झाला. एका पडद्यावर काम, दुसऱ्यावर मीटिंग. आजीनं अर्थ लावला, की एकीकडं पोरगं राबतंय आणि दुसरीकडून साहेब बघतोय. हापिसांच्या कारभारावर मी पुष्कळ वाचलं आहे, पण याहून नेमकं काही वाचलेलं नाही. बावीस इंची, वापरलेला पण धडधाकट मॉनिटर पुण्यात मिळाला आणि बीडवरून परळीकडं जाणाऱ्या एसटीत एका पाहुण्याच्या मांडीवर बसून वडवणीच्या स्टँडवर उतरला. पाहुण्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, मॉनिटरला ओरखडाही नव्हता.

वायर जोडली. पडदा काळा. ‘नो सिग्नल’ एवढे दोन शब्द उमटले, इकडून तिकडं तरंगले आणि मॉनिटर झोपी गेला.

गंमत अशी की यात दोष कुणाचाच निघेना. मॉनिटरचं म्हणणं, मी जागा होतो, मला कुणी काही पाठवलंच नाही. वायर काढून टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सला लावली तर कीर्तन लख्ख दिसतं. लॅपटॉपला विचारावं तर ‘डिस्प्ले’च्या खान्यात तो एकच पडदा दाखवतो, त्याचा स्वतःचा. बरं, आत कोणकोणते भाग बसवलेत ते मोजायचा हुकूम दिला तर ग्राफिक्सच्या दोन्ही चिप हजर. सगळे साक्षीदार खरं बोलतायत, सगळ्यांकडं पुरावा आहे आणि टेबलावर बावीस इंचांचा काळोख. हे प्रकरण दुरुस्तीचं नव्हतंच, चौकशी समितीचं होतं.

समिती बसायला वेळ लागला नाही. वडवणीत एखाद्याच्या घरी काही चालंना झालं की ते गावाला कळवावं लागत नाही. पहिले आले डिशवाले. त्यांच्या मते दोष केबलीत. केबल निर्दोष सुटली आहे असं सांगितल्यावर ते म्हणाले, ‘टीव्हीला चालती म्हणून हिकडं चालंल असं नसतंय.’ या वाक्याला उत्तर नाही, म्हणून आम्ही गप्प बसलो. मग वायरमन आले. त्यांचं निदान गेली कित्येक वर्षं एकच आहे. मोटर जळो, बल्ब उडो, सासू-सुनेचं वाजो, घरात अर्थिंग नाही. आणि ते खरोखरच नव्हतं, त्यामुळं तेही बरोबरच ठरले. मोबाइलच्या दुकानातला पोरगा आला, त्यानं सगळं बंद करून चालू केलं आणि आपलं कर्तव्य संपवलं. एमएससीआयटीचे क्लास घेणारे सर आले, खुर्ची ओढून बसले, स्टार्टचं बटण शोधू लागले, ते सापडेना तेव्हा त्यांनी चहा घेतला आणि ‘विंडोज टाका’ असा शेरा मारून उठले.

या सगळ्यांचं लक्ष काळ्या पडद्याकडं होतं. वायरचं दुसरं टोक लॅपटॉपात शिरल्यावर पुढं कुणाच्या टेबलावर जातं, हे कुणीच विचारलं नाही. ग्यानबाची मेख तिथंच आहे.

ती कळायला कुठल्याही तालुक्यातली कुठलीही कचेरी डोळ्यांपुढं आणावी. समोर खिडकी असते, खिडकीशी कारकून. आत केबिन, केबिनीत साहेब. किरकोळ कागद कारकून स्वतःच निकाली काढतो. फाइल अवघड असली की ती आत जाते, साहेब त्यावर लिहितात, पण लिहून झालेला कागद लोकांना मिळतो तो कारकुनाच्याच हातून. कारण समोरच्या खिडकीवर साहेबांची खुर्चीच नाही. दोन ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपात थेट हाच कारभार चालतो. प्रोसेसरच्याच पोटात असलेली छोटी चिप म्हणजे कारकून. ती वीज कमी खाते आणि लॅपटॉपचा स्वतःचा पडदा तिच्याच ताब्यात असतो. आणि ती कोर्सला लागणारी ४ जीबीवाली मोठी चिप म्हणजे साहेब. गेम चालू केला की चित्रं मोठी चिप रंगवते, पण रंगवून झालेलं चित्र तिला छोटीच्या मेमरीत नेऊन ठेवावं लागतं. पडद्यावर चढवायचा अधिकार छोटीचा.

इथवर ठीक आहे. पण या कचेरीला एक मागची खिडकी आहे. पुष्कळ लॅपटॉपांत एचडीएमआयचं भोक छोट्या चिपकडं जातच नाही, ते थेट मोठीला जोडलेलं असतं. म्हणजे बाहेरचा मॉनिटर लावणारा माणूस कारकुनाला वगळून सरळ साहेबांच्या केबिनीमागं जाऊन उभा राहिलेला असतो. साहेब जागेवर असले तर काम चुटकीसरशी. साहेब रजेवर असले तर खिडकी बंद. मग तो पुढं येऊन कारकुनाला विचारतो आणि कारकून अगदी खरं तेच सांगतो, की माझ्याकडं असं कुणी आलंच नाही. हजेरीपटावर मात्र दोघांचीही नावं असतात, कारण हजेरीपट माणूस नोकरीत आहे एवढंच सांगतो, खुर्चीत आहे असं नाही.

याहून नाजूक प्रसंग वेगळाच. बाहेरच्या मॉनिटरवर नुसतं ब्राउझर दाखवायचं असेल तर त्यात साहेबांनी लिहिण्यासारखं काही नसतं. चित्र कारकूनच काढतो, साहेबांनी ते फक्त मागच्या खिडकीतून बाहेर द्यायचं. या व्यवहाराला लिनक्सच्या दुनियेत ‘रिव्हर्स प्राइम’ म्हणतात. साहेबांनी शिपायाचं काम करायचं म्हटल्यावर ते सुरळीत व्हायला किती वर्षं लागावीत, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

मोठी चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीनं ही दुहेरी पद्धत ‘ऑप्टिमस’ या नावानं फेब्रुवारी २०१० मध्ये आणली. विंडोजवर कागद आतबाहेर कसा फिरावा, हे कंपनीनं नीट लिहून दिलं होतं. लिनक्सला काहीच लिहून दिलं नव्हतं. त्याच वर्षी रेड हॅटच्या डेव्ह एअर्ली यांनी आपल्या बाजूनं एक जोडणी करून दाखवली आणि तिचं नाव ‘प्राइम’ ठेवलं. ट्रान्सफॉर्मर्समधल्या रोबोंच्या म्होरक्याचं नाव ऑप्टिमस प्राइम, म्हणून. पुढं जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. एका बाईंनी उठून सांगितलं, की माझा लॅपटॉप ऑप्टिमसचा आहे आणि लिनक्सवर त्याचे हाल आहेत. टोरवाल्ड्स म्हणाले, की आजवर ज्या कंपन्यांशी आमचा संबंध आला त्यांत ही सगळ्यांत वाईट. मग त्यांनी कॅमेऱ्याकडं वळून मधलं बोट दाखवलं आणि कंपनीचं नाव घेऊन एक शिवी हासडली. वडवणीच्या स्टँडवर शेवटची बस चुकलेला माणूस याहून बरंच जास्त बोलतो, पण त्याचा व्हिडिओ जगभर फिरत नाही.

२०१३ मध्ये कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे तिची चिप चालवणारा प्रोग्रॅम, प्राइमशी थोडंफार बोलू लागला. हलकी कामं कारकुनाकडं आणि अवघड तेवढीच साहेबांकडं, ही मूळ सोय तिच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये यायला ऑगस्ट २०१९ उजाडलं. मे २०२२ मध्ये तिनं ड्रायव्हरचा कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात बसणारा, भाग सगळ्यांना वाचायला खुला केला. म्हणजे मूळ सोयीलाच नऊ वर्षं. पुण्या-मुंबईची माणसं यावर चिडतात. बीड जिल्ह्यातल्या माणसाला नऊ वर्षांचं काय सांगता? अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ची मंजूर आणि बीडला प्रवासी गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीच पुढं वडवणीवरून परळीला जायची. त्यामुळं ‘पुढच्या आवृत्तीत सपोर्ट येईल’ असं पुतण्यानं सांगितलं तेव्हा घरात कुणाचं रक्त तापलं नाही. आजीनं फक्त विचारलं, ‘तवर यष्टी हाय न्हवं?’

पुतण्यानं ठरवलं, की ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकायचा. तीनचारशे एमबीचा ऐवज. दिवाळीनंतर ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांकडं निघाले, टोळ्यांचे ट्रॅक्टर गेले, की गाव निम्मं रिकामं होतं आणि नेट सुसाट पळतं, असं तो म्हणतो. यावर हसावं की काय करावं, हे मला अजून उमगलेलं नाही. तर ते सुसाट दिवस होते, जुना ड्रायव्हर काढायला एक मिनिटही लागलं नाही आणि त्याबरोबर लॅपटॉपचं चित्रच गेलं. खिडक्या नाहीत, आयकॉन नाहीत, बाण नाही. काळ्या पाटीवर एक पांढरी रेघ लुकलुकते आणि ‘लॉगिन’ असं म्हणते. आता दोन्ही पडदे काळे होते. निदान समानता आली.

मग हिंजवडीतल्या मित्राला फोन. तो तिकडून हुकूम सांगणार, इकडं ते टंकायचे. पण आमच्या घरात मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर येते आणि लॅपटॉप खाली. म्हणून पुतण्या गच्चीवर, त्याची बहीण जिन्यात आणि धाकटा भाऊ लॅपटॉपसमोर, अशी साखळी लागली. हिंजवडीहून निघालेली ‘डॅश’ जिन्यात ‘आडवी रेघ’ होऊन खाली पोचायची. ‘स्लॅश’ला ‘तिरकी रेघ’ म्हटलं तर ती कुठल्या बाजूला तिरकी, यावर वाद व्हायचा. ‘सुडो’ हा शब्द खाली पोचेपर्यंत ‘सोड’ झालेला असायचा. आणि ‘स्पेस’ म्हणजे काय हे जिन्यातल्या मुलीनं मराठी शाळेत शिकलेलं असल्यामुळं ती वरून ऐकायची आणि खाली ओरडायची, ‘जागा सोड!’ धाकटा खुर्चीवरून उठून उभा राहायचा.

हसण्यावारी न्यावं असं वाटतं, पण जागा सोडण्यावरून या क्षेत्रात खरा अनर्थ झालेला आहे. कंपनी करत नाही तर आपण करू म्हणून काही मंडळींनी २०११ मध्ये ‘बंबलबी’ नावाचा प्रकल्प उभा केला. हाही ट्रान्सफॉर्मर्समधलाच एक रोबो, पिवळा. काम चांगलं, हेतू निर्मळ. पण तो बसवणाऱ्या फाइलीत एका ओळीत एक जागा जास्तीची सुटली. ‘यूएसआर’ नावाच्या मोठ्या फोल्डरच्या पोटातली एक बारकी गोष्ट पुसायची होती. मध्येच जागा सुटल्यानं हुकमाचे दोन तुकडे झाले आणि पहिल्या तुकड्याचा अर्थ निघाला, की अख्खं ‘यूएसआर’च पुसून टाक. लिनक्समधले बहुतेक सगळे प्रोग्रॅम तिथंच राहतात. दुसरी चिप जागी करायला गेलेल्या लोकांच्या पहिल्या चिपला दाखवायलाही काही शिल्लक राहिलं नाही. फाइल लिहिणाऱ्यांनी लगेच माफी मागितली, जागा बुजवली, पण त्या ओळीखाली जगभरच्या लोकांनी इतके विनोद लिहिले की मूळ प्रकल्पापेक्षा ती जागाच प्रसिद्ध झाली.

आमच्याकडं तसं काही झालं नाही, याचं श्रेय धाकट्याला. तो प्रत्येक ओळ टंकून झाली की एंटर दाबायच्या आधी वर ओरडून विचारायचा, ‘दाबू का?’ मोठमोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळा माणूस पगार देऊन ठेवतात म्हणे.

नवा ड्रायव्हर बसला. आता राहिला तो निळा पडदा. हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्लीचे लॅपटॉप चालू होताना प्रत्येक ड्रायव्हरची सही तपासतात, याला सिक्युअर बूट म्हणतात. बाहेरून आणलेला ड्रायव्हर आपल्या ओळखीचा आहे असं मालकानं सांगावं लागतं, आणि ते रीस्टार्ट करतानाच सांगावं लागतं. त्या वेळी एक निळा पडदा येतो, ‘कोणतंही बटण दाबा’ म्हणतो, दहा सेकंद थांबतो आणि कुणी काही दाबलं नाही तर निमूटपणे निघून जातो. ड्रायव्हर बिनओळखीचा तो बिनओळखीचाच राहतो. तक्रार नाही, सूचना नाही. दहा सेकंद म्हणजे वडवणीत काहीच नाही. यंत्र रीस्टार्ट होतंय म्हटल्यावर माणूस आळस देतो, खिडकीतून रस्त्याकडं बघतो, ‘चहा झाला का’ म्हणतो. तेवढ्यात निळा पडदा येऊन गेलेला असतो.

तो असा येऊन गेल्यावर पुतण्यानं धाकट्याला पहाऱ्याला बसवलं. ‘निळं दिसलं की कायबी दाब.’ निळं दिसलं. धाकट्यानं त्याला सगळ्यांत मोठं दिसलं ते बटण दाबलं. ते लॅपटॉप बंद करायचं होतं.

शेवटी तेही पार पडलं. पासवर्ड घेतला गेला, ड्रायव्हरची ओळख पटली, लॅपटॉपच्या पडद्यावर खिडक्या आणि आयकॉन पुन्हा आले. पुतण्यानं मॉनिटरची वायर खोचली. ‘नो सिग्नल.’

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात आणि गल्लीतही सगळे बप्पा म्हणतात, हा सगळा वेळ ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. लॅपटॉपचे पैसे त्यांनी भरलेले, पण त्याच्याकडं त्यांनी कधी वळून पाहिलेलं नाही. त्यांचा व्यवहार कानाशी. विहिरीवरची मोटर पाणी ओढतीय की नुसतीच फिरतीय, हे ते बांधावर न जाता सांगतात. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

‘का रे, हे आधी घोंघायचं. पंखा सुटायचा. रातच्याला पलीकडल्या खोलीत आम्हाला झोप लागत नव्हती. आता गप कसं झालंय?’

‘बप्पा, लाईट सारखी जाती. बॅटरी टिकावी म्हणून मोठं कार्ड मीच बंद करून ठेवलंय.’

‘ठेवलंय म्हंजे?’

‘म्हंजे एका फाइलीत लिहून ठेवलंय, त्याला उठवायचं न्हाई म्हणून. लई दिस झाले.’

‘आन् ही वायर कुणाकडं जाती?’

पुतण्या काही बोलला नाही.

‘मंग झोपवलेल्याला काय मागायलास?’ असं म्हणून बप्पांनी अडकित्ता उचलला.

ती फाइल सापडली. दोन ओळींची होती. लिनक्समध्ये अशा यादीला ब्लॅकलिस्ट म्हणतात. तिच्यात एकदा नाव गेलं की ड्रायव्हर जुना असो, नवा असो, सहीचा असो, त्याला हाक मारली जात नाही. ड्रायव्हर काढला तेव्हा ड्रायव्हरबरोबर आलेल्या फाइली गेल्या, पुतण्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेली तेवढी राहिली. लिनक्सला पुसायचं काय आणि ठेवायचं काय याची जाण आहे, मालकानं लिहिलेलं ते सहसा पुसत नाही. डिशवाले, वायरमन, हिंजवडी, निळा पडदा, यांतल्या कुणालाही ती फाइल दिसायचं कारण नव्हतं. ओळी पुसल्या, रीस्टार्ट केलं, पंखा घोंघावला आणि बावीस इंचांवर उजेड पडला. त्या रात्री बप्पांना झोप लागली नाही, हे सांगायला नको.

चित्र आलं म्हणजे संपलं असं नाही. लिनक्सनं गृहीत धरलं होतं की दुसरा मॉनिटर उजवीकडं आहे. तो होता डावीकडं, कारण उजवीकडं धान्याची कोठी. त्यामुळं बाण डावीकडं नेला की तो काठाला आपटून थांबायचा आणि उजवीकडं नेला की कोठीत शिरून डावीकडच्या मॉनिटरवर निघायचा. हे बदलायला डिस्प्लेच्या खान्यात जाऊन चित्रातला चौकोन ओढून पलीकडं न्यावा लागतो, अर्ध्या मिनिटाचं काम. पुतण्या ते करायच्या बेतात असताना वहिनींनी आणि धाकट्यानं मिळून कोठी डावीकडं सरकवली आणि मॉनिटर उजवीकडं मांडला. पुतण्या ‘अगं, सेटिंग आहे त्याला’ म्हणत राहिला. वहिनी म्हणाल्या, ‘आता कोठीखालचं झाडून घेते.’

पुढचा प्रश्न अक्षरांचा. लॅपटॉपचा पडदा पंधरा इंची आणि हा बावीस इंची, ठिपके मात्र दोन्हीकडं तितकेच, १९२० गुणिले १०८०. म्हणजे एकच खिडकी इकडून तिकडं ओढली की अक्षरं फुगतात. लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या मांडायचं काम १९८७ मध्ये जन्मलेलं ‘एक्स ११’ करत आलं आहे. त्याच्या लेखी सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा फळा, त्यामुळं प्रत्येकाला वेगळं माप लावायचं म्हटलं की ते कुरकुरतं. त्याच्या जागी २००८ पासून ‘वेलँड’ तयार होत आलं आहे, ते प्रत्येक मॉनिटरचं माप वेगळं धरतं. वेलँड हे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातलं एक गाव. क्रिस्टियान हॉग्सबर्ग हे गृहस्थ गाडीनं तिथून चालले असताना त्यांच्या डोक्यात या प्रोग्रॅमची कल्पना जमून आली, म्हणून त्यांनी गावाचं नाव दिलं. शेजारच्या गावाचं नाव वेस्टन, तर वेलँडबरोबरच्या नमुन्याच्या प्रोग्रॅमचं नावही वेस्टन. मला याचं फार वाटतं. बीड-परळी रस्त्यानं रोज इतके इंजिनिअर जातात, वडवणीत चहाला थांबतात, भजी खातात. एकालाही अजून काही सुचलेलं नाही. तालुक्यात चिंचवण आहे, उपळी आहे, कुप्पा आहे. नावांना तोटा नाही, कल्पना जमून यायची खोटी आहे.

असो. दोन पडदे सुरू झाले आणि पहिली मोठी मीटिंग लागली. पुतण्यानं मीटिंगची खिडकी नव्या मॉनिटरवर टाकली, काम लॅपटॉपवर उघडलं, अंगात इस्त्रीचा शर्ट घातला. मीटिंग ऐन रंगात आली आणि लाईट गेली.

लॅपटॉप बॅटरीवर. नेटचा डबा इन्व्हर्टरवर. मॉनिटर मात्र भिंतीच्या बोर्डावर, तो विझला. मॉनिटर विझला तर लॅपटॉपनं समजून घेऊन खिडक्या आपल्या पडद्यावर घ्याव्यात की नाही? पण त्याला ते कळत नाही. मॉनिटरच्या आत एक बारकी चिप असते. कंपनी कोणती, माप किती, जन्म कोणत्या वर्षीच्या कोणत्या आठवड्यातला, ही माहिती तिच्यात लिहिलेली असते. आमच्या आजीचं जन्मवर्षसुद्धा कुठं लिहिलेलं नाही, मॉनिटरचा आठवडा आहे. आणि या चिपला भिंतीतली वीज लागत नाही. एचडीएमआयच्या वायरीतून अठराव्या पिनेवर लॅपटॉपच तिला पाच व्होल्ट पुरवतो. म्हणजे अख्खं घर अंधारात असताना मॉनिटर लॅपटॉपला वायरीतून सांगत असतो की मी आहे, बावीस इंची, ठणठणीत. आणि लॅपटॉप त्याच्यावर इमानानं चित्र पाठवत राहतो.

मीटिंग त्या अंधारात चालू होती. आवाज लॅपटॉपातून, माणसं विझलेल्या मॉनिटरवर. म्यूटचं बटणही तिकडंच. पुण्याहून साहेब म्हणाले, ‘जरा स्क्रीन शेअर करता का?’ पुतण्या बाणानं अंधारात चाचपडत होता आणि कुठं तरी काही तरी दाबलं जात होतं. ‘दिसत नाहीये,’ साहेब म्हणाले. ‘मलाही नाही, सर,’ पुतण्या म्हणाला.

आजी दारात आली. आत कोण बोलतंय म्हणून तिनं काळ्या मॉनिटरकडं पाहिलं, जवळ गेली आणि मोठ्यानं म्हणाली, ‘साहेब, लाईट गेलीया. आली की बोला.’

पुणे, हैदराबाद, कुठं कुठं बसलेली सगळी टीम शांत झाली. मग साहेब म्हणाले, ‘हो आजी,’ आणि मीटिंग चार वाजता ठेवली.

चारच्या आत लाईट आली. मॉनिटर उजळला, खिडक्या होत्या तिथंच होत्या, पुतण्यानं शर्ट नीट केला. तेवढ्यात लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला, की कर्नलची नवी आवृत्ती आली आहे, टाकायची का? कर्नल बदललं की ड्रायव्हर पुन्हा त्याच्यासाठी बांधावा लागतो, आणि तो नीट बांधला जाईलच असं नसतं. पुतण्यानं चौकोन मोठ्यानं वाचून दाखवला.

ओसरीवरून बप्पा म्हणाले, ‘नगं म्हण.’